खटल्यांतून उगवलेला कायदा

वेस्टमिन्स्टरच्या संसदेनं शेकडो वर्षांत हजारो कायदे केले. कुत्र्यांवर केले, चाकूंवर केले, घरभाड्यावर केले. पण खून म्हणजे काय, हे सांगणारा कायदा तिनं इंग्लंडसाठी आजवर केलेला नाही. खुनाला शिक्षा काय, हे कायद्यात आहे. १९६५ मध्ये खुनासाठीची फाशी थांबवताना संसदेनं तिच्या जागी जन्मठेप ठरवून दिली. खुनाचा आरोप कोणत्या परिस्थितीत सौम्य होऊन मनुष्यवधावर उतरतो, याचीही कलमं १९५७ पासून आहेत. मूळ व्याख्या मात्र हवी असेल, तर लंडनमधला न्यायाधीश आजही सतराव्या शतकातल्या सर एडवर्ड कोक यांच्या ग्रंथापासून सुरुवात करतो आणि तिथून पुढचे निकाल बघत आजपर्यंत येतो.

आपल्याला हे नवल वाटतं, कारण आपला अनुभव नेमका उलटा आहे. मेकॉलेच्या आयोगानं १८३७ मध्ये भारतासाठी दंड संहितेचा मसुदा पुरा केला, १८६० मध्ये त्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून तो लागू झाला. कलम ३०० उघडलं की खुनाची व्याख्या, अपवाद, उदाहरणं सगळं समोर. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली, तरी पद्धत तीच राहिली. खुनाच्या कलमाचा आकडा १०१ झाला एवढंच. ज्यांनी ही संहिता आपल्यासाठी लिहिली, त्यांनी स्वतःच्या देशासाठी तशी कधीच केली नाही. तिथल्या लॉ कमिशननं १९८९ मध्ये एक मसुदा तयार करून दिला होता, त्याचा कायदा झाला नाही.

मग तिथला कायदा असतो कुठे? बराचसा जुन्या खटल्यांत असतो. कोणा दोघांत भांडण झालं, एकानं दाद मागितली, न्यायाधीशानं कारणं देऊन निवाडा केला, आणि ती कारणं पुढच्यांसाठी कायदा झाली. इंग्लिश कायद्याची परिभाषा नुसती पाठ करायला घेतली तर कोरडी आणि जुनाट वाटते. शब्दामागचं भांडण कळलं की तीच परिभाषा बोलू लागते. आणि ती आपल्याला परकी नाही. रिट, ट्रस्ट, मनाई हुकूम, संशयाचा फायदा, हेबियस कॉर्पस हे सगळं आपल्या वर्तमानपत्रांत रोज येतं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ‘ब्रिटिश कायदा’ असं आपण सरसकट म्हणतो, पण तशी एकच व्यवस्था अस्तित्वात नाही. इंग्लंड आणि वेल्स यांची न्यायव्यवस्था एक, स्कॉटलंडची वेगळी, उत्तर आयर्लंडची तिसरी. स्कॉटलंडचा कायदा रोमन परंपरेचं बरंच वळण घेऊन वाढला. तिथल्या फौजदारी ज्युरीत १२ नव्हे, १५ माणसं बसतात. इथे बोलायचं आहे ते इंग्लंड आणि वेल्सच्या व्यवस्थेबद्दल.

तिचा पाया घातला दुसऱ्या हेन्रीनं. तो ११५४ मध्ये गादीवर आला तेव्हा गावोगावचे रिवाज वेगळे होते, जमीनदारांची कोर्टं वेगळी होती, चर्चची वेगळी. हेन्रीनं आपले न्यायाधीश देशभर फिरतीवर पाठवायला सुरुवात केली. ११६६ च्या क्लॅरेंडनच्या फर्मानानं गावकऱ्यांवर जबाबदारी टाकली, की आपल्या भागातल्या गुन्हेगारांची नावं त्यांनी शपथेवर या न्यायाधीशांना सांगावीत. फिरती संपवून परतलेले न्यायाधीश वेस्टमिन्स्टरला एकमेकांत बोलत, कुठे काय निवाडा दिला ते ताडून बघत. हळूहळू निवाड्यांत एकसारखेपणा आला. साऱ्या राज्याला सामायिक असा हा कायदा, म्हणून तो कॉमन लॉ. हेन्रीची कारकीर्द संपली आणि रिचर्ड गादीवर आला ते साल ११८९. एखादा रिवाज अनादि काळापासून चालत आलेला मानायचा तर तो त्या वर्षीही असला पाहिजे, अशी मर्यादा पुढे ठरवण्यात आली. अनादि काळाची सुरुवातही कोर्टानं साल घालून नक्की केली, याचं मला फार कौतुक वाटतं. वाद मिटवायचा तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

राजाच्या कोर्टात दाद मागायची तर आधी रिट विकत घ्यावं लागे. रिट म्हणजे राजाच्या नावानं निघालेला लेखी हुकूम. प्रत्येक प्रकारच्या तक्रारीला ठरावीक नमुन्याचं रिट होतं. तुमची तक्रार कोणत्याच नमुन्यात बसली नाही, तर दार बंद; अन्याय कितीही उघड असो. शिवाय कॉमन लॉच्या कोर्टांकडे बहुतेक वेळा एकच औषध होतं, पैशांची भरपाई. शेजारी तुमच्या विहिरीत घाण टाकतोय आणि तुम्हाला ती थांबवायची आहे, तर पैसे मिळून काय उपयोग?

अशी माणसं मग थेट राजाकडे अर्ज करू लागली. राजानं ते अर्ज आपल्या चान्सलरकडे सोपवले. त्या काळातला चान्सलर बहुधा धर्मगुरू असे, त्यामुळे तो रिटचे नमुने न बघता सदसद्विवेक काय सांगतो हे बघे. त्याच्या चान्सरी कोर्टातून जो वेगळा कायदा उभा राहिला तो म्हणजे इक्विटी. मराठीत याला समन्याय म्हणतात.

समन्यायाचं सगळ्यांत मोठं अपत्य म्हणजे ट्रस्ट. मध्ययुगातला एखादा जमीनमालक युद्धावर किंवा लांबच्या प्रवासाला निघताना जमीन मित्राच्या नावावर करून जाई: माझ्या बायकामुलांसाठी सांभाळ. मित्र उलटला तर कॉमन लॉच्या कोर्टाला फक्त एवढंच दिसे की कागदावर मालक हा मित्र आहे. बायकामुलं रस्त्यावर. चान्सलर त्या मित्राला बोलावून विचारी, कागदावर मालक तू असशील, पण तू कोणाच्या भल्यासाठी मालक झालास? मालकीचे असे दोन भाग झाले. नाव विश्वस्ताचं, लाभ दुसऱ्याचा. आपल्याकडचे देवस्थानांचे, शाळांचे, दवाखान्यांचे सार्वजनिक न्यास १९५० च्या मुंबई कायद्याखाली नोंदले जाऊ लागले. दानधर्माची आपली परंपरा त्याच्या कितीतरी आधीची, पण विश्वस्ताकडून हिशेब मागायची या कायद्याची चौकट बरीचशी चान्सरीत घडलेली आहे. मनाई हुकूमही तिथलाच. करार मोडणाऱ्याला नुसते पैसे भरायला न लावता करार पुराच करायला लावणारा हुकूमही तिथलाच. आणि समन्याय मागायला येणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ हवेत, ही अटही.

दोन कोर्टं, दोन कायदे म्हटल्यावर टक्कर होणारच. कॉमन लॉच्या कोर्टानं एकाच्या बाजूनं निकाल द्यावा आणि चान्सरीनं त्यालाच बजावावं की तो निकाल वापरशील तर तुरुंगात जाशील, असं होऊ लागलं. १६१५ मध्ये अर्ल ऑफ ऑक्सफर्डच्या खटल्यात सरन्यायाधीश कोक आणि चान्सलर एल्समेर समोरासमोर आले. पुढच्या वर्षी जेम्स राजानं कौल दिला, की दोहोंत विरोध आला तर समन्याय वरचढ. पण वेगळी कोर्टं तशीच राहिली, चान्सरीतले खटले पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळत राहिले. १८७३ ते १८७५ च्या कायद्यांनी ही कोर्टं एकत्र आली. आता कोणताही न्यायाधीश दोन्ही प्रकारची दाद देऊ शकतो. हायकोर्टाच्या तीन विभागांपैकी एकाचं नाव मात्र अजून चान्सरी आहे. उरलेले दोन किंग्ज बेंच आणि फॅमिली.

आता या साऱ्या व्यवस्थेच्या कण्याकडे, म्हणजे पूर्वनिर्णयाकडे वळू. वरच्या कोर्टानं कायद्याच्या ज्या मुद्द्यावर निर्णय दिला तो खालच्या कोर्टांवर बंधनकारक असतो. पण निकालपत्र शंभर पानांचं असलं तर त्यातलं नेमकं काय बंधनकारक? ज्या कारणावर निकाल उभा आहे तेवढंच. त्याला रेशो म्हणतात. न्यायाधीश ओघात बोलून गेलेलं बाकीचं, उदाहरणं, शंका, ‘असं असतं तर’ वगैरे, ते ऑबिटर. ते वजनदार असू शकतं, पण बांधत नाही. नंतरच्या वकिलांची निम्मी लढाई यावरच चालते. जुना निकाल आपल्या सोयीचा असेल तर त्याचं कारण रुंद करून मांडायचं, गैरसोयीचा असेल तर अरुंद करून दाखवायचं, की त्या खटल्यातली वस्तुस्थिती वेगळी होती.

कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी जो खटला आधी शिकतो तो घेऊ. २६ ऑगस्ट १९२८. ग्लासगोजवळच्या पेझ्ली गावातलं कॅफे. मे डोनाह्यू या बाईंसाठी त्यांच्या मैत्रिणीनं जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं काही दिसत नव्हतं. थोडी आइस्क्रीमवर ओतून खाल्ली, उरलेली ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय पडली, असं बाईंचं म्हणणं. त्या आजारी पडल्या. दाद कोणाकडे मागायची? कॅफेवाल्याशी करार होता तो मैत्रिणीचा, कारण पैसे तिनं दिले. बाटली भरणाऱ्या स्टीव्हन्सन नावाच्या उत्पादकाशी तर कोणाचाच करार नव्हता. आणि करार नाही तर जबाबदारी नाही, असाच तोवर सर्वसाधारण समज होता. बाईंचे वकील बाटलीत उंदीर सापडल्याचे असेच खटले थोड्याच दिवसांपूर्वी हरले होते. बाई इतक्या गरीब, की हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्यांनी निर्धन म्हणून खर्चाची सूट घेऊन अपील चालवलं.

१९३२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी त्या जिंकल्या. लॉर्ड ॲटकिन यांनी मांडलं, की आपल्या कृतीमुळे ज्यांना इजा होईल हे आपल्याला सहज कळायला हवं, ते सारे कायद्याच्या दृष्टीनं आपले शेजारी, आणि त्यांना इजा होऊ नये एवढी काळजी घेणं आपलं कर्तव्य. करार असो वा नसो. निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागणारा आजचा सगळा कायदा या निकालावर उभा आहे. गंमत म्हणजे खटला स्कॉटलंडचा, कारण हाउस ऑफ लॉर्ड्स दोन्ही देशांचं शेवटचं दिवाणी अपील ऐकत असे. आणि बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हे कधीच सिद्ध झालं नाही. लॉर्ड्सपुढे प्रश्न एवढाच होता, की बाई सांगतात ते खरं धरलं तर त्यांना कायद्यानं दाद मिळते का. ते ठरल्यावर पुरावा होण्याआधीच प्रकरण मिटलं.

पूर्वनिर्णयाचा धोका उघड आहे. एकदा चुकलं की चूक पक्की होते. हाउस ऑफ लॉर्ड्सनं तर १८९८ मध्ये स्वतःलाही बांधून घेतलं होतं, की आपलाच जुना निकाल आपण बदलणार नाही. १९६६ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की यापुढे योग्य वाटेल तिथे बदलू. या मोकळीकीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे न्यायाधीशांनी घडवलेला नियम न्यायाधीश मोडीतही काढू शकतात. सतराव्या शतकातल्या मॅथ्यू हेल यांच्या, १७३६ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात एक वाक्य होतं, ज्याचा अर्थ नवऱ्यानं बायकोवर बलात्कार केला असं कायद्यानं होऊच शकत नाही. अडीचशे वर्षं ते कायदा म्हणून चाललं. १९९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं पाचही न्यायाधीशांच्या एकमतानं ते फेकून दिलं. संसदेची वाट पाहिली नाही. आपल्याकडे हाच अपवाद दंड संहितेत कलम म्हणून लिहिला गेला आणि नव्या न्याय संहितेतही तो उतरला आहे. संहिता स्पष्ट असते, कोणालाही वाचता येते, याचा मी एरवी पुरस्कर्ता आहे. पण लिहिलेली चूक किती चिवट असते, हे इथे दिसतं, आणि हे दुखतं.

निकालांचं एवढं महत्त्व असलं तरी संसदेपुढे ते झुकतात. तिनं केलेला कायदा कॉमन लॉवर मात करतो, आणि तो घटनाबाह्य म्हणून रद्द करायचा अधिकार तिथल्या कोणत्याही कोर्टाला नाही, कारण एका पुस्तकात बांधलेली घटनाच नाही. १९९८ च्या मानवी हक्क कायद्यानंतर कोर्ट फार तर जाहीर करू शकतं, की अमुक कायदा मानवी हक्कांशी विसंगत आहे. तो बदलायचा की नाही हे संसद बघते. सरकारची कृती मात्र कोर्ट रद्द करू शकतं. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून संसद संस्थगित झाली, तेव्हा सुप्रीम कोर्टाच्या अकराही न्यायाधीशांनी ती संस्थगिती मुळातच बेकायदा, म्हणजे झालीच नाही, असं ठरवलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या हाती कायदा रद्द करायचं जे शस्त्र आहे ते नसतानाही हे घडलं, कारण तिथे बचाव संसदेचाच होत होता.

संसदेनं शब्द लिहिले तरी अर्थ लावायचा न्यायाधीशांनीच. इथे शब्दाला चिकटायचं की हेतूला, हा वाद फार जुना आहे. १८६८ मधला एक खटला बघा. निवडणुकीत एकानं मेलेल्या माणसाच्या नावानं मत टाकलं. कायदा असा होता, की मत द्यायचा हक्क असलेल्या व्यक्तीचं सोंग घेणं हा गुन्हा. कोर्ट म्हणालं, मेलेल्या माणसाला मताचा हक्क नसतो, म्हणजे गुन्हा नाही. आरोपी सुटला. जवळजवळ शंभर वर्षांनी ब्रिस्टलमधल्या एका दुकानदारानं बटण दाबताच पातं उघडणारा चाकू किमतीची चिठ्ठी लावून काचेच्या खिडकीत ठेवला. १९५९ च्या कायद्यानं असा चाकू विक्रीसाठी ‘देऊ करणं’ गुन्हा होता. पण कराराच्या कायद्यात दुकानातली मांडणी म्हणजे देकार नव्हे. गिऱ्हाईक वस्तू मागतं तो देकार, आणि दुकानदार तो स्वीकारतो किंवा नाकारतो. दुकानदार सुटला आणि संसदेनं १९६१ मध्ये लगेच कायदा दुरुस्त केला. उलट दिशेचा नियमही जुनाच आहे. १५८४ च्या हेडनच्या खटल्यात ठरलं, की कोणता बिघाड दूर करायला हा कायदा आला ते शोधा आणि तो बिघाड दूर होईल असा अर्थ लावा. आजची कोर्टं हेतूकडे जास्त बघतात. मेलेल्याच्या मताचा तो खटला वाचल्यावर मला वाटतं, बघायलाच हवं.

दिवाणी आणि फौजदारी हा भेद आपल्याला पाठ आहे, तरी त्यातली एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. फौजदारीत आरोप राजाच्या नावानं होतो, म्हणून खटल्याच्या नावात आधी ‘आर’ येतो. तो राजासाठीचा किंवा राणीसाठीचा लॅटिन शब्द. प्रत्यक्षात १९८६ पासून बहुतेक खटले क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस चालवते. तिथे गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत दावा करणाऱ्याला, ज्याला तिथे १९९९ पासून ‘क्लेमंट’ म्हणतात, आपली बाजू दुसऱ्यापेक्षा जास्त संभवनीय आहे एवढंच दाखवावं लागतं. म्हणून एकाच घटनेत माणूस फौजदारीत निर्दोष सुटून दिवाणीत भरपाईला बांधला जाऊ शकतो, आणि त्यात विसंगती काही नाही.

वाजवी संशयाचा हा नियम अनादि काळापासून ठाम होता असं समजू नका. १९३४ च्या डिसेंबरमध्ये रेजिनाल्ड वुलमिंग्टन या शेतमजुराच्या हातून बंदूक उडून त्याची बायको मेली. चुकून उडाली, असं तो म्हणाला. न्यायाधीशानं ज्युरीला सांगितलं, की याच्या हातून माणूस मेलं हे सिद्ध झालं आहे, आता हा खून नाही हे त्यानंच दाखवायचं. २१ वर्षांच्या या पोराला फाशीची शिक्षा झाली. १९३५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं ती रद्द केली. लॉर्ड सँकी यांनी बजावलं, की इंग्लिश फौजदारी कायद्याच्या विणीतून एक सोनेरी धागा सतत जातो: गुन्हा सिद्ध करायचा तो आरोप करणाऱ्यानंच. आपल्या कोर्टांच्या निकालपत्रांत हा सोनेरी धागा अजूनही येतो.

कोर्टांची उतरंड थोडक्यात सांगतो. तळाला मॅजिस्ट्रेट कोर्ट. इथे बहुधा कायदा न शिकलेले, पगार न घेणारे, दोघं-तिघं नागरिक बसतात आणि शेजारी कायद्याचा जाणकार सल्लागार असतो. १३६१ पासूनची ही रीत. दहापैकी नऊहून अधिक फौजदारी खटले इथेच संपतात. गंभीर गुन्हे क्राउन कोर्टात, ज्युरीपुढे. दिवाणीसाठी काउंटी कोर्ट आणि हायकोर्ट. वर कोर्ट ऑफ अपील, आणि सर्वांत वर सुप्रीम कोर्ट. हे शेवटचं अगदी अलीकडचं, १ ऑक्टोबर २००९ चं; तोवर शेवटचा निवाडा हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणारे न्यायाधीश देत. सुप्रीम कोर्टाच्याच इमारतीत आता प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमितीही बसते. १९४९ पर्यंत मुंबईहून, नागपूरहून निघालेली शेवटची अपिलं याच समितीपुढे जात.

ज्युरीसाठी मात्र थांबायला हवं. १६७० मध्ये क्वेकर पंथाचे विल्यम पेन आणि विल्यम मीड लंडनच्या रस्त्यावर प्रवचन केल्याबद्दल ओल्ड बेलीच्या कोर्टात उभे होते. ज्युरी त्यांना दोषी ठरवेना. न्यायाधीशांनी ज्युरीला अन्नपाण्याविना, शेकोटीविना रात्री कोंडून ठेवलं. तरी ऐकेनात म्हणून दंड ठोकला, आणि दंड भरायला नकार देणाऱ्यांना तुरुंगात टाकलं. त्यातल्या एडवर्ड बुशेलनं हेबियस कॉर्पसचं रिट मागितलं: मला डांबून ठेवणाऱ्यानं मला कोर्टापुढे उभं करावं आणि कोणत्या अधिकारानं डांबलं ते सांगावं. सरन्यायाधीश व्हॉन यांनी त्याला सोडलं आणि ठरवलं, की निवाडा काय दिला यासाठी ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. त्या बारा जणांची आठवण सांगणारी शिला ओल्ड बेलीत लावलेली आहे.

इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत फौजदारी ज्युरीच्या बाराही जणांचं एकमत लागे. त्या वर्षीच्या कायद्यानं दहा विरुद्ध दोन चालू लागलं. हे लक्षात ठेवून १९०८ मधला मुंबई हायकोर्टातला टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला आठवा. ज्युरी नऊ जणांची. सात युरोपीय दोषी म्हणाले, दोन भारतीय निर्दोष म्हणाले. भारतातल्या नियमानं सहा जण आणि न्यायाधीश एका मताचे असले की पुरे. न्यायमूर्ती दावर सातांशी सहमत झाले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लंडनमध्ये त्या काळी अशा फाटलेल्या ज्युरीवर कोणालाही दोषी ठरवता आलं नसतं. संस्था तीच आणली, तिच्यातलं संरक्षण मात्र वाटेत गळालं. नौदल अधिकारी नाणावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यातही असंच दिसतं, फक्त उलट्या बाजूनं. १९५९ मध्ये ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं नाणावटींना निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. इंग्लंडमध्ये ज्युरीनं निर्दोष म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

वकिलांचे तिथे दोन वर्ग. सॉलिसिटर अशिलाला भेटतो, कागद तयार करतो. बॅरिस्टर मुख्यतः वरच्या कोर्टात उभा राहून युक्तिवाद करतो. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर ही दुहेरी पद्धत १९७० च्या दशकापर्यंत चालली. बॅरिस्टर व्हायचं तर लंडनमधल्या चार इन्सपैकी एकीचं सभासद व्हावं लागतं: लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेम्पल, मिडल टेम्पल. परीक्षेबरोबर तिथली ठरावीक जेवणंही पार पाडावी लागत. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये ग्रेज इनमध्ये नाव घातलं, शिष्यवृत्ती संपल्यानं परतले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठून बॅरिस्टर झाले. बॅरिस्टर करायचं की नाही हे इनच ठरवते, आणि ती सत्ता कशी वापरली जाई हेही आपल्याला ठाऊक आहे. परीक्षा पास झालेल्या सावरकरांना ग्रेज इननं १९०९ मध्ये बॅरिस्टर करायचं नाकारलं. १९२२ मध्ये शिक्षा झाल्यावर गांधीजींचं नाव इनर टेम्पलनं काढून टाकलं, ते १९८८ मध्ये परत घातलं. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण बायकांना वकिलीची दारं १९१९ च्या कायद्यानं उघडली आणि त्या बॅरिस्टर झाल्या १९२३ मध्ये. मधली एकतीस वर्षं कायद्यानं खाल्ली.

यातले बरेचसे शब्द एकाच खटल्यात भेटतात, आणि तो खटला पुण्याच्या माणसाचा आहे. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या आपल्या पुस्तकात टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक ठरवून हिंसेशी त्यांचा संबंध जोडला. टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१८ मध्ये स्वतः तिकडे गेले. वादी टिळक, त्यांच्या बाजूनं बॅरिस्टर सर जॉन सायमन. प्रतिवादी चिरोल, त्यांच्या बाजूनं सर एडवर्ड कार्सन. न्यायाधीश डार्लिंग, आणि पुढे ज्युरी. लिहिलं ते खरं आहे, असा बचाव चिरोल यांनी घेतला. असा बचाव घेणाऱ्यावरच सिद्ध करायचा भार येतो. पण १९१९ च्या लंडनमधल्या ज्युरीपुढे, दोनदा राजद्रोहाची शिक्षा भोगलेल्या माणसाविरुद्ध, तो भार कार्सनना जड गेला नाही. फेब्रुवारीत निकाल चिरोल यांच्या बाजूनं लागला. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचाही खर्च द्यायचा, हा इंग्लिश दिवाणी कायद्याचा नियम, त्यामुळे टिळकांवर दोन्हीकडचा मोठा बोजा पडला आणि तो फेडायला महाराष्ट्रात निधी गोळा करावा लागला. २०१३ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये अब्रुनुकसानीचे दावे सहसा ज्युरीविना, एकट्या न्यायाधीशापुढे चालतात. लिहिलेलं खरं होतं हे सिद्ध करायचा भार मात्र अजून प्रतिवादीवरच आहे, आणि खर्चाचा नियमही तोच आहे.